शकुनाचं बोट

त्या दुर्बिणीची दुरुस्ती फसावी असं मला मनापासून वाटत होतं. चारचौघांत बोलायची गोष्ट नाही, पण खरं ते खरं. दोन माणसं पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर वर जिवावर उदार होऊन लटकली होती, आणि मी वसईजवळच्या निर्मळ गावी माझ्या ओटीवर बसून मोबाइलवर त्यांच्याकडे बघत मनात म्हणत होतो, काहीतरी बिनसू दे. त्या दोघांशी माझं काही वाकडं नव्हतं. मला वाईट व्हायला हवं होतं ते विनिता जाधवचं.

बुधवार होता, दुपारचे चार. बायको मालन शेजारीच केळीच्या पानांच्या जुड्या बांधत होती. मार्गशीर्षातला गुरुवार दुसऱ्या दिवशी, म्हणजे पानाफुलांना मागणी जोरात. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे.

"तोंड का असं केलंय? त्यांना नजर लागंल."

"लागू दे," मी म्हणालो.

विनिता कोण ते सांगतो. वसई पूर्वेला जितेशशेठचा गाळा आहे, त्यात लेथ, मिलिंग आणि पंधरा माणसं. तिथे मी एकतीस वर्षं फिटर होतो. सात वर्षांपूर्वी ही बाई तपासणीला आली. मूळची साताऱ्याकडची, राहायला एव्हरशाईन सिटीत. यांच्या इमारतींना उन्हाळ्यात टँकर लागतो आणि तो टँकर आमच्या वाड्यांतल्या विहिरींवर भरतो, पण निर्मळ कुठे आहे हे तिला आल्यावर विचारावं लागलं. पहिल्याच दिवशी मी घासून दिलेला नग तिने मापाला लावला आणि सगळ्यांसमोर परत केला. केसाच्या निम्म्याने जास्त होता. "राऊतकाका, ड्रॉइंग वाचत चला," म्हणाली. ज्या माणसाच्या हाताखाली निम्मा गाळा शिकला त्याला ही सांगणार वाचायला. मी तिचं नाव फूटपट्टी ठेवलं. ते तिच्या कानावर जाईल अशा बेताने ठेवलं.

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. ती माझ्या नगांवर लाल शेरे मारायची, मी तिचं माप मुद्दाम चुकीच्या खणात ठेवायचो. मी चहाला दोन मिनिटं जास्त घेतली की ती घड्याळाकडे बघायची. ती डब्याला बसली की मी नेमका तेव्हाच ग्राइंडर चालू करायचो. जितेशशेठ दोघांनाही सांभाळून घ्यायचे, कारण माझ्यासारखा हात नव्हता आणि तिच्यासारखी नजर नव्हती. हे मी आज म्हणतोय. तेव्हा जीभ झडली असती तरी म्हणालो नसतो.

मग बंगळूरच्या एका कंपनीचं काम आलं. अंतराळात एक मोठी दुर्बीण फिरते आहे, तिचा कॅमेरा म्हातारा झालाय. अंतराळवीर वर जाऊन जुना काढणार आणि नवा बसवणार. नवा कॅमेरा वर न्यायचा तो एका पाळण्यात घट्ट बसवून. त्या पाळण्यावरून एक आडवी पट्टी जाते, सहा बोल्टांची. पट्टी काढली तरच कॅमेरा बाहेर येतो. ती पट्टी आमच्याकडे आली. दोन करायच्या होत्या, एक अस्सल आणि एक सरावाची. सरावाची पाण्याच्या टाकीत बुडवून अंतराळवीर तिच्यावर हात बसवणार होते, कारण पाण्यात माणूस बराचसा वरच्यासारखाच तरंगतो.

दोन्ही पट्ट्या मी बसवल्या. बोल्ट आवळायला खास पाना दिला होता. ठरलेला जोर आला की तो 'कट' असा आवाज करतो. आवाज आला की थांबायचं. विनिता शेजारी उभी राहून प्रत्येक 'कट' वहीत लिहायची.

आता माझी खोड सांगायला हवी. मला रामूमिस्त्रीने शिकवलं. तो म्हणायचा, आहेर शंभराचा देत नाहीत, एकशे एकाचा देतात. वरचा एक शकुनाचा. तसंच कामाचं. सगळे बोल्ट आवळून झाले की शेवटच्याला बोटभर जास्त द्यायचं, पान्याचं टोक एक बोट पुढे सरकवायचं. मग काम सुटत नाही. एकतीस वर्षांत माझं एकही काम सुटलं नव्हतं. ते शकुनाने की माझ्या हाताने, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अस्सल पट्टीच्या वेळी सहावा 'कट' झाला. विनिता बोल्टांवर खुणेचा रंग लावायला डबी आणायला कपाटाकडे वळली. तेवढ्यात मी साधा पाना घेतला आणि सहाव्याला बोटभर दिलं. ती परत आली, सहाही बोल्टांवर लाल रेघ ओढली आणि खाली आपली सही केली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. फूटपट्टीच्या नाकाखाली मी शकुन करून घेतला होता.

चार दिवसांनी बंगळूरहून स्वरूप नावाच्या इंजिनिअरचा फोन आला. सरावाच्या पट्टीचा सहावा बोल्ट फार घट्ट आहे, टाकीत सुटताना त्रास झाला. विनिताला समजायला वेळ लागला नाही. ती माझ्या टेबलापाशी आली. जितेशशेठही आले.

"सरावाच्या पट्टीला तुम्ही वरून हात दिलात," ती म्हणाली.

"दिला असेल."

"आणि अस्सलला?"

अस्सल पट्टी सील होऊन दारात उभी होती, दुसऱ्या दिवशी निघायची. ती उघडायची तर सहाही बोल्ट नवे लागणार, ते परदेशातून येणार, तीन आठवडे मोडणार. जितेशशेठचा चेहरा पांढरा पडला होता. मी खरं बोललो असतो तर तीन आठवडे गेले असते, दुसरं काही नाही. पण समोर ती उभी होती. तिच्यापुढे मान खाली घालायची म्हणजे सहा वर्षांचं सगळं भांडण एका मिनिटात हरायचं.

मी माझी हत्यारपेटी पुढे ओढली. खंडेनवमीला जिची पूजा करतो ती. तिच्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अस्सलला हात लावलेला नाही. या पेटीची शपथ."

विनिताने माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक आहे. पेटीवर हात ठेवून खोटं बोलणार नाहीत." आणि तिने पाठवणीच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी जितेशशेठनी मला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. सरावाच्या पट्टीपायी कंपनीसमोर नाक कापलं गेलं, म्हणाले. मी पेटी स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आलो. हे सगळं तिनेच केलं अशी माझी खात्री होती. त्या दिवसापासून वर्षभर मी तिच्या नावाने बोटं मोडत होतो.

आणि आज बुधवार होता. गाळ्यात जितेशशेठनी मोठा टीव्ही लावला होता, पेढे मागवले होते, हे मला तिथल्याच एकाने कळवलं. मला बोलावणं नव्हतं. मी माझ्या मोबाइलवर बघत होतो.

एक बाई होती आणि एक बाप्या. जुना कॅमेरा त्यांनी काढून बाजूला बांधून ठेवला होता. आता ती बाई पाळण्यापाशी आली. माझी पट्टी मी लगेच ओळखली. रेघा तिच्याच, फूटपट्टीच्या, लाल. बाईच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र होतं. तिने पहिला बोल्ट सोडला, मग तिसरा, आणि मग सहावा धरला.

इंग्रजी मला मशीनपुरतं कळतं. पण ते कळायची गरजच नव्हती. मी तिचा खांदा बघत होतो. बोल्ट सुटत नसला की माणूस मनगटाने नाही, खांद्याने सांगतो. तिने यंत्र काढलं, परत लावलं, परत काढलं. 

 आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदाची उकळी फुटली. आता बघा मजा. त्या बोल्टावर सही कोणाची? विनिताची. रेघ कोणाची? विनिताची. वहीत सहा 'कट' कोणाच्या अक्षरात? मला काही करायचंच नव्हतं. नुसतं ओटीवर बसून राहायचं होतं. आयतं कोलीत देवाने हातात दिलं होतं.

खाली मराठीत अक्षरं फिरत होती. मी मालनला वाचायला लावलं, तिला चष्मा नवा आहे. ती अडखळत वाचत गेली. बोल्ट अडकला आहे, कारण समजत नाही. आटे एकमेकांत चिकटले असतील तर जोर वाढवल्यावर डोकं तुटेल आणि पट्टी कायमची अडकेल. जोर वाढवायचा की नाही ते वीस मिनिटांत ठरवणार. नाहीतर जुनाच कॅमेरा परत बसवून नवा खाली आणणार.

"म्हंजे फुकट गेले म्हणायचे," मालन म्हणाली. "आणि जुन्याला दिसत नाही ना धड?"

 त्यांना कारण समजत नव्हतं, मला समजत होतं. आटे चिकटलेले नव्हते, स्वच्छ होते. मी स्वतः पुसून बसवले होते. बोल्ट फक्त बोटभर जास्त आवळलेला होता. एवढं त्यांना कळलं तर ते बिनधास्त जोर वाढवतील आणि तो सुटेल. सगळ्या जगात हे एकाच माणसाला माहीत होतं आणि तो निर्मळला बनियनवर बसला होता.

ती बाई एका हाताने कठडा धरून नुसती थांबली होती. तिच्या मागे निळी पृथ्वी सरकत होती. तिने दुसऱ्या हाताने बोल्टावरून हलकेच बोट फिरवलं, हातमोज्यातूनच. फिटर तसंच करतो. नग बिघडला की आधी त्याला हात लावून बघतो, माझ्याशी का असा वागतोस म्हणून. ते बघवेना. ती माझं काम तपासत होती आणि तिला वाटत होतं की चूक तिच्या हातात आहे.

मी जितेशशेठना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. विनिताने माझा नंबर वर्षापूर्वीच ब्लॉक करून टाकलेला. सोळा मिनिटं राहिली होती. स्कूटरने पूल ओलांडून गाळ्यापर्यंत जायला चाळीस लागतात.

"तुझ्याकडं तिचा नंबर आहे?" मी मालनला विचारलं.

"कोणाचा?"

"जाधवबाईचा."

मालन जुडी बांधायची थांबली. "असणारच. दर गुरवारची पानं ती माझ्याकडूनच नेते. तुम्हाला सांगितलं नाही, उगा घर डोक्यावर घेतलं असतंत."

एक वर्ष माझ्या घरातून तिच्या घरी पानंफुलं जात होती. एरवी मी त्यावरून आठवडाभर जेवलो नसतो. आता म्हणालो, "लाव."

मालनने आपल्या मोबाइलवरून लावला. पलीकडे लगेच उचलला. "मावशी, उद्याचं नंतर बोलू, इथं जरा गडबड आहे." तिचा आवाज कापत होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

मी मोबाइल ओढून घेतला. "मी राऊत बोलतोय."

 "मजा बघताय का?" ती म्हणाली.

"बघत होतो," मी म्हणालो. "सहाव्याला मी बोटभर जास्त दिलंय. अस्सलला. तुम्ही रंगाची डबी आणायला वळलात तेव्हा."

आता ती ओरडेल असं वाटलं. मी तयारीत होतो, उत्तरंसुद्धा तयार होती. ती ओरडली नाही.

"परत सांगा. सावकाश. मी लिहून घेतेय."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जड गेलं. पहिल्यांदा रागात निघून गेलं होतं.

"कुठल्या पान्याने?"

"साध्या. सहा इंची."

"टोक किती सरकवलंत?"

"सांगितलं ना, बोटभर."

"बोटभर म्हणजे किती? कोणाचं बोट?"

"माझं. तर्जनी."

"मोजा."

"आता?"

"राऊत, वर माणसं लटकली आहेत. मोजा."

मालन आतून शिवणाची पट्टी घेऊन आली. मी बोट पुढे केलं. तिने पट्टी लावली, चष्मा वर केला, परत लावली. "एकोणीस," ती मोबाइलमध्ये म्हणाली. "मिलिमीटर." माझ्यावर तिचाही विश्वास नसावा, तिने आकडा मला सांगितला नाही, सरळ विनिताला सांगितला.

पलीकडे कागदावर पेन चाललं. "सात अंश. आटे कसे होते?"

"कोरडे, स्वच्छ. चिकटायचा प्रश्न नाही. आणि त्यांना सांगा, आधी केसभर आवळायचा आणि मग सोडायचा. सरळ सोडायला गेलं की अडतो. आधी आवळला की भान विसरतो."

"चौथ्याला दिलंय का? पाचव्याला?"

"नाही. शकुन एकालाच असतो."

"नक्की?"

"नक्की."

"या वेळी कोणाची शपथ?"

 पेटी समोर कोपऱ्यात होती. मला तिच्याकडे बघवलं नाही. "शपथ नाही," मी म्हणालो. "नुसतं सांगतोय."

तिने तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, "स्वरूपला जोडते. मला सांगितलंत तेच त्याला सांगा. नाव सांगून." आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं, बंगळूरच्या एका पोराला, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही. नाव, गाव, किती वर्षांचा अनुभव, आणि काय केलं. तो इंग्रजीतून कुणाला तरी पुढे सांगत गेला. माझं बोट इंग्रजीत गेलं, तिथून कुठे कुठे गेलं कोण जाणे. फोन बंद झाला तेव्हा पाच मिनिटं शिल्लक होती.

ती पाच होऊन वर अकरा मिनिटं गेली. कोणीच हललं नाही. मालनने बाजूला सरकून माझ्या खांद्यापाशी मान आणली. मग ती वरची बाई हलली. तिने यंत्रावर काहीतरी फिरवलं, सहाव्यावर बसवलं.  पहिल्यांदा यंत्र उजवीकडे फिरलं, केसभर. मग डावीकडे. तिचा खांदा ताठ झाला, ताठ राहिला, राहिला, आणि एकदम सैल पडला.

"सुटला," मी म्हणालो. मोबाइलवरची अक्षरं पाच सेकंदांनी म्हणाली.

त्यानंतर तिने चौथा, पाचवा आणि दुसरा सोडला. ते बोल्ट लोण्यातून सुरी निघावी तसे निघाले. मी खरं बोललो होतो हे त्या तीन बोल्टांनी सांगितलं, माझ्या शब्दाने नाही. नवा कॅमेरा बाहेर निघाला आणि दुर्बिणीत गेला. मालन रडत होती. मला राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. माझाच असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिता दारात उभी राहिली. मालनने तिला पानं दिली, फुलं दिली. मी या म्हणालो नाही. ती ओटीवर चढली आणि पिशवीतून कागद काढला.

"कंपनीला लेखी हवंय. वाचून सही करा."

"तुमचं काय होणार?"

"माझीही चौकशी आहे. डोळ्यासमोरचा पाना दिसला नाही म्हणून." तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या दिवशी जितेशसरांना मी म्हटलं होतं की राऊतना काढू नका. खोड वाईट आहे पण माणूस खोटा नाही. ते ऐकले नाहीत. बरं झालं ऐकले नाहीत."

वर्षभर जिच्या नावाने बोटं मोडली ती हे बोलून आली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझाही गेला नाही. मी म्हणालो, "हे आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"तुम्हाला होतं?" ती म्हणाली.

ओटीवर टेबल नव्हतं. मालनने कोपऱ्यातली हत्यारपेटी ओढून माझ्यापुढे आणून ठेवली. मुद्दाम आणली, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी पेटीवर कागद पसरला. वाचला. फिटरचं नाव कामावर कुठेच लिहीत नाहीत. एकतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या हजारो नगांवर तपासणाऱ्याची सही आहे, मालकाचा शिक्का आहे, माझं नाव नाही. त्या दुर्बिणीच्या कागदांतही नव्हतं. आता होतं. एकाच ठिकाणी, 'दोष कोणाचा' या शब्दांपुढे, पूर्ण नाव, दयाराम हरी राऊत. बरोबर लिहिलं होतं, वेलांटीसकट.

मी सही केली. तिने ती मापाला लावल्यासारखी बघितली आणि कागद पिशवीत टाकला. पायऱ्या उतरून ती स्कूटरपाशी गेली, फुलं नीट बसवली, आणि मग वळली.

"जितेशसर विचारत होते, राऊतना परत बोलावू का. म्हणाले, शेवटी वाचवलं त्यांनीच." ती हेल्मेट चढवायची थांबली. "मी नाही म्हणून सांगितलं."

"बरोबर केलंत," मी म्हणालो.

सहा-सात वर्षांत आमचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.